टरफलांचा धूर

थंडीच्या दिवसांत वाडीच्या वर, कातळाच्या माळावर म्हणजे सड्यावर असलेल्या काजू कारखान्याचा धूर सकाळी वर जातच नसे. चिमणीतून निघायचा, जरा घुटमळायचा आणि उतारावरून घरंगळत खाली वाडीत यायचा. माडांच्या शेंड्यांखाली त्याचा पांढुरका थर बसायचा. विहिरीवर पाणी काढणाऱ्या बायका पदर नाकाला लावून रहाट ओढायच्या. मग ऊन चढलं की तोच धूर उभा राहायचा आणि कुणी हाक मारल्यासारखा सरळ वर निघून जायचा.

सत्यवती गावडेला याचं फार नवल वाटे. चिमणी तीच, धूर तोच, मग सकाळी बसतो कशाला आणि दुपारी उठतो कशाला? एकदा तिनं मुलाला विचारलंही. सुदेश त्याच कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. पेजेचा वाडगा तोंडाला लावता लावता तो म्हणाला, "माका काय ठावक? मी धूर करतंय, तेच्या मागसून धावत नाय."

सत्यवती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. हा खोकला आता दोन-तीन हिवाळे तिच्या सोबतीला होता. आधी सकाळपुरता असे, मग चढण चढताना येऊ लागला, आणि यंदा भात कांडपाला नेताना गोणी उचलली तर छातीत कुणी दोरी आवळल्यासारखं झालं. ती हे कुणाला सांगत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो विड्या ओढायचा आणि त्यातच गेला, असं सगळे म्हणत. तिनं तर आयुष्यात विडी हातात धरली नव्हती. त्यामुळे आपल्याला तसलं काही होणार नाही, अशी तिची समजूत होती.

घरात चार माणसं. सत्यवती, सुदेश, सून सलोनी आणि चार वर्षांची नात प्राजक्ता. तिला सगळे प्राजू म्हणत. सलोनीही कारखान्यातच काजू फोडायला आणि गर निवडायला जाई. म्हणजे घरातली दोन्ही कामं सड्यावरची. तिथे काजूबी आधी वाफेवर शिजवतात, मग फोडतात. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरखाली जाळायला त्याच बियांची टरफलं. टरफलात तेल असतं. ते हाताला लागलं तर कातडी सोलवटून निघते आणि जळलं तर घशात मिरचीसारखं झोंबतं. टरफलं उरत बक्कळ. म्हणून शेठ कामगारांना शनिवारी एक-एक गोणी घरी न्यायला देई, फुकट. वाडीतल्या बहुतेक घरांत अंघोळीचं पाणी त्यावरच तापे. सर्पणासाठी रानात जायचं वाचे, आणि टरफलं पेट अशी घेत की फुंकायला लागत नसे.

माघातल्या एका सकाळी सत्यवतीनं नेहमीप्रमाणे न्हाणीतली चूल पेटवली. न्हाणी पडवीच्या टोकाला होती. तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत, वर पत्रा आणि मधल्या भिंतीत स्वयंपाकघराकडे उघडणारी खिडकी. प्राजू गोधडी गुंडाळून आली आणि रोजच्यासारखी चुलीपुढे उकिडवी बसली. हात शेकताना ती रोज बडबडत असे. आज बोलली नाही. सत्यवतीनं हंडा भरता भरता मागं पाहिलं, तर पोरीचं तोंड उघडं, खांदे वर-खाली होतायत आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय. छातीतून मांजराच्या गुरगुरीसारखा आवाज.

"सलोनी," तिनं हाक मारली, "हिका बघ गो."

सलोनीनं पोरीला उचललं. सुदेश कामावर गेला होता. शेजारच्या रिक्षानं दोघी तिला घेऊन मालवणच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. वाटेत सत्यवतीनं पोरीची पाठ चोळली आणि मनातल्या मनात सड्यावरच्या चिमणीला शिव्या घातल्या.

दवाखान्यात प्राजूच्या तोंडाला मुखवटा लावून औषधाची वाफ दिली. हळूहळू तिचे खांदे खाली आले, डोळे मिटू लागले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाटावरच्या. त्या सलोनीशी बोलत असताना मागं सत्यवतीला उबळ आली. तिनं पदरात तोंड लपवलं, पण बाईंनी मान वळवली.

"मावशी, हा खोकला कधीपासून आहे?"

"माझं काही नाही," सत्यवती दवाखान्यात बोलायच्या मराठीत म्हणाली. "पोरीचं बघा."

पोरीचं बघून झाल्यावर बाईंनी तिलाही खुर्चीत बसवलं. नाकाला चिमटा लावला, हातात एक नळी दिली आणि छातीभर श्वास घेऊन, सगळा संपेपर्यंत जोरानं फुंकायला सांगितलं. पहिल्या खेपेला सत्यवतीला हसू आलं. दुसऱ्या खेपेला खोकला. तिसऱ्या खेपेला नीट जमलं. पडद्यावर एक रेघ उमटली. सत्यवती खुर्ची पुढे ओढून ती पाहू लागली.

"ही मी?"

"हा तुमचा श्वास," बाई म्हणाल्या. "निरोगी माणसाचा बहुतेक श्वास फुंकल्याबरोबर बाहेर पडतो. तुमचा अडकत अडकत येतोय. आतल्या नळ्या अरुंद झाल्यात."

बाईंनी विडी, मिशरी, तंबाखू सगळं विचारलं. सत्यवतीनं मान हलवली. मग विचारलं, स्वयंपाक कशावर? सत्यवती म्हणाली, घरात गॅस आहे. बाईंनी पुढं विचारलं, गॅसवर काय काय होतं? सत्यवतीनं खरं तेच सांगितलं. चहा, आणि घाई असली तर भाजी. पेज, भात आणि उकड्या तांदळासाठी साळी उकडणं चुलीवर. अंघोळीचं पाणी चुलीवर. पण धूर म्हणाल तर तो सड्यावरून येतो, कारखान्याचा. तो बंद करायला आता वाडी ग्रामसभेत ठराव आणणार आहे.

बाईंनी कारखान्याची बाजू घेतली नाही आणि चुलीवरही खापर फोडलं नाही. धुरात डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ असते, ती नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. वर्षानुवर्षं बसत राहिली की नळ्या सुजतात. पोरांच्या नळ्या मुळात नाजूक, त्या लवकर आवळतात. हीच धूळ हृदयालाही त्रास देते. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "धूर कुठून येतो ते मला इथं बसून कळणार नाही. तुमच्या आशाताईंकडे हवेतली धूळ मोजायचं यंत्र आलंय. मागून घ्या आणि बघा."

सत्यवतीला औषध ओढायचा पंप मिळाला. तो कसा ओढायचा ते ती दोनदा शिकली. घरी येताना पंपापेक्षा जास्त ती त्या यंत्राचा विचार करत होती. हवेतली न दिसणारी धूळ मोजणारं यंत्र, म्हणजे असेल तरी कसं?

आशा सेविका किशोरी दोन वाड्या सोडून राहायची. तिनं ते आणलं, तेव्हा सत्यवतीची जराशी निराशाच झाली. डब्यासारखी पांढरी पेटी, हातात मावेल एवढी. वर आकडे आणि एक दिवा. हवा चांगली तर दिवा हिरवा, मग पिवळा, मग तांबडा, आणि फारच वाईट तर जांभळा. कुठल्यातरी संस्थेनं गावागावांतून पाहणीसाठी अशा पेट्या दिल्या होत्या. लोक दोन दिवस कौतुकानं ठेवत आणि कपाटावर टाकून विसरत, असं किशोरी म्हणाली. "काकी, तुमी निदान आठवडाभर ठेवा. जमात तर वेगवेगळ्या जाग्यार ठेवा."

जमतं म्हणजे काय, सत्यवतीला दुसरं कामच सुचेना. सकाळच्या धुक्यात ती पेटी घेऊन विहिरीवर गेली. दिवा तांबडा. तिनं सगळ्या बायकांना दाखवला. हौसाबाई, तिची शेजारीण, गावात सगळ्यात मोठ्या आवाजाची, म्हणाली की आता ह्येचो फोटो काढून कलेक्टराकडे धाडूक होयो. ऊन वर आल्यावर सत्यवती पुन्हा तिथेच गेली तर दिवा हिरवा. मग ती आमराईत गेली, हिरवा. खाडीच्या बांधावर, तिथेही हिरवा. सड्याच्या वाटेवर पिवळा आणि कारखान्याच्या फाटकाशी, वारा तोंडावर असताना, तांबडा. फाटकावरचा रखवालदार विचारू लागला की काकी, मोबाईल मोठो घेतलास काय. देवळात आरतीच्या वेळी तिनं पेटी हळूच खांबाशी ठेवली, तर धूप-कापरानं तीही लाल. सत्यवतीनं घाईनं पदर टाकून ती झाकली आणि देवाची क्षमा मागितली. शाळेच्या मागं कुणी पाल्यापाचोळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या टाकून पेटवल्या होत्या. तिथं दिव्यानं पहिल्यांदा जांभळा रंग दाखवला. प्राजूला तो रंग आवडला. तिनं तो पुन्हा दाखवायला सांगितला.

इतक्या ठिकाणी हिंडून झाल्यावर घरात ठेवायची तिला आठवण झाली. संध्याकाळी तिनं पेटी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली आणि भाताची चूल पेटवली. थोड्या वेळानं दिवा तांबडा झाला. चूल विझल्यावरही बराच वेळ तसाच राहिला. तिला ते आवडलं नाही, पण अनपेक्षितही वाटलं नाही. लाकडाचा धूर तो, आपल्या आईनं, आजीनं घेतलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी न्हाणीच्या खिडकीत ठेवली. चुलीत माडाच्या सुक्या चुडताचे तुकडे लावून पेटवले, वर दोन मुठी टरफलं टाकली. तेलाचा पिवळा जाळ भसकन उठला, काळा धूर पत्र्याला आपटला आणि वळून खिडकीतून आत निघाला. पेटीचा दिवा तांबडा झाला, जांभळा झाला, आणि आकडे वर वर जाऊन शेवटी एकाच ठिकाणी थांबले. त्यापुढं पेटीला मोजताच येत नव्हतं.

सत्यवतीला वाटलं, बिघडली. तिनं पेटी उचलून घरापुढच्या खळ्यात नेली, वाऱ्यावर धरली. दिवा हळूहळू उतरला. परत खिडकीत ठेवली, पुन्हा तेच. बिघडली नव्हती.

तेवढ्यात प्राजू गोधडी ओढत आली आणि चुलीपुढे तिच्या जागेवर बसायला लागली.

"थंय नको," सत्यवती म्हणाली. आवाज एवढा कडक निघाला की पोर जागच्या जागी थिजली. सत्यवतीनं तिला उचलून खळ्यात उन्हाच्या तिरिपेत नेऊन बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसून राहिली. न्हाणीतल्या चुलीकडे तिनं पाहिलं. रोज पहाटे कोण पेटवत होतं ती? पोरीला थंडी वाजेल म्हणून मूठभर टरफलं जास्त कोण टाकत होतं?

पण ती तशी बसून राहणारी नव्हती. पुढचे काही दिवस तिनं तीच चूल वेगवेगळ्या तऱ्हेनं पेटवून पाहिली. नुसत्या सुक्या लाकडावर. लाकूड आणि करवंट्यांवर. ओल्या लाकडावर. टरफलांवर. मधली खिडकी बंद करून, मग उघडी ठेवून. एक दिवस चूल मुळीच न पेटवता गॅसवर पाणी तापवून. त्या दिवशी दिवा फक्त धुक्याच्या वेळी तेवढा लाल झाला आणि उन्हाबरोबर उतरला. म्हणजे कारखान्याचा धूर खोटा नव्हता. तो होताच, रोज सकाळी होता. पण टरफलांच्या दिवशी न्हाणीत जे होत होतं त्यापुढं तो काहीच नव्हता. आणि दोन्ही धूर एकाच जिनसेचे होते.

दुपारी सलोनी सुट्टीला घरी आली होती. दोघी मागच्या दारी शेतातले कुळीथ उन्हात घालत होत्या. सत्यवतीनं सुनेला सगळं सांगितलं. सलोनीनं ऐकून घेतलं. तिच्या बोटांची कातडी टरफलाच्या तेलानं काळी पडली होती. ती त्या बोटांकडे बघत म्हणाली, "आई, ह्या तुमी सभेत सांगलास तर शेठ म्हणतलो, बघा, माझो काय गुन्हो नाय."

"आणि नाय सांगलंय तर?"

सलोनी कुळीथ पसरत राहिली. मग म्हणाली की पोरगी आता चुलीपाशी जात नाही, तेवढं पुरे नाही का. पण तिचंच तिला पटलं नव्हतं. वाडीत टरफलं जाळणारी घरं कमी नव्हती आणि लहान पोरंही कमी नव्हती. हौसाबाईच्या नातवाचं नाक थंडीभर गळत असायचं.

सुदेश मात्र चिडला. डोळे लाल, पापण्यांना काजळी चिकटलेली, अशा चेहऱ्यानं तो जेवायला बसला आणि आईनं सांगितलेलं ऐकून त्यानं घास खाली ठेवला. एका बाजूनं वाडीतली माणसं त्याला बोलत, तूच आमच्यावर धूर सोडतोस म्हणून. दुसऱ्या बाजूनं कारखान्यात त्याला विचारीत, तुझी आवस कसलो डबो घेऊन फिरता म्हणून. मितेश शेठनं परवा सगळ्यांदेखत त्याला हटकलं होतं. मितेश म्हणजे जुन्या शेठचा मुलगा, बाप गेल्यावर कारखाना चालवणारा. "तुझ्या आईला सांग, यंत्र घेऊन फिरण्यापेक्षा आत येऊन विचार," असं तो म्हणाला होता, आणि आजूबाजूचे हसले होते.

"सभेत तू बोलशील आणि काम माझा जातला," सुदेश म्हणाला.

सत्यवतीनं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं फक्त विचारलं, "तुझी छाती कधी दुखता काय रे?"

तो उठला आणि हात धुवायला गेला. हात धुताना तो खोकला, आणि तो खोकला तिनं पहिल्यांदा नीट ऐकला. कोरडा, लांबणारा. तिच्यासारखाच.

ग्रामसभा शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. कधी न येणारेही आले होते. मितेश पुढच्या बाकावर बसला होता, इस्त्रीचा सदरा, हातात गाडीची किल्ली. कारखान्यातल्या बायका मागं एका बाजूला दाटीवाटीनं बसल्या होत्या. कारखाना बंद झाला तर त्यांनी जायचं कुठं, हा प्रश्न त्यांच्या तोंडावरच होता. हौसाबाईनं ठराव मांडायला लावला. कारखाना बंद करावा. दोन-चार जण तावातावानं बोलले. मितेश म्हणाला की कारखान्यामुळे गावाला काम आहे, परवानग्या आहेत, आणि धूर कुणाच्या चुलीतून निघत नाही? त्यावर आरडाओरड झाली.

सत्यवती उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. पेटी तिनं पदराखाली धरली होती, ती काढून टेबलावर ठेवली. आधी तिनं विहिरीवरचं सांगितलं, फाटकावरचं सांगितलं. वाडीतली माणसं माना डोलवू लागली. मग तिनं न्हाणीतलं सांगितलं. डोलणाऱ्या माना थांबल्या. कुणीतरी मागून म्हणालं, ही कोणाच्या बाजून बोलता?

मितेश हसला. "काकींनीच सांगितलं बघा. धूर तुमच्याच घरात."

"होय, आमच्या घरात," सत्यवती म्हणाली. "मीच पेटवलंय. माझ्याच नातीपुढे." बोलताना तिचा श्वास पुरेना. ती टेबलाला टेकली. "पण गोणी तुझ्या दारातसून येता, मितेशा. आमी फुकट मिळता म्हणान घेतलाव. कोणी इचारूक नाय, ह्या जळला की काय होता. तुका तरी ठावक होता?"

मितेशनं टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं. त्याच्या बापानं गोण्या द्यायला सुरुवात केली होती, उपकार म्हणून. तो किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "नाही. टरफलं म्हणजे कचरा, एवढंच धरून चाललो होतो."

किशोरीनं उठून आरोग्य खात्याचं म्हणणं सांगितलं. घरात गॅसचा वापर वाढवावा, चुलीला धुराडं बसवावं, पोरांना आणि गरोदर बायांना चुलीपासून दूर ठेवावं, कचरा पेटवू नये. लोकांनी ऐकलं, पण सगळ्यांचं लक्ष कारखान्याच्या ठरावाकडेच होतं. बंद करायचा की नाही? मागच्या बायका पुढे सरकून ऐकत होत्या.

तेव्हा सुदेश उभा राहिला. सत्यवतीला वाटलं, तो निघून जातोय.

"टरफलां जाळूकच नको," तो म्हणाला. शेठकडे न बघता, फळ्याकडे बघत. "तेल काडूक ती इकत घेतत. रंगाचे कारखाने घेतत तेल. शेठ, तो ट्रकवालो दोनदा इलो होतो, आपण टरफलां साठवूक जागो नाय म्हणान परत धाडलाव. तेल काढलेली पेंड परत घेवची आणि ती जाळूची. ती इतकी झोंबत नाय, मी बघलंय शिरोड्याकडे." तो जरा थांबला. "आणि बॉयलर पहाटे पेटवतो तो ऊन इल्यावर पेटवया. सकाळी धूर खाली बसता. मी रोज वरसून बघतंय तो खंय जाता ता. माझ्याच घरार जाता."

मितेशचा चेहरा उतरला. चारचौघांत आपल्याच कामगारानं असं बोलावं, हे त्याला लागलं होतं. बॉयलर उशिरा पेटवायचा म्हणजे पाळी बदलायची, वाडीवाले म्हणतात तशी चिमणी उंच करायची म्हणजे खर्च, धूर पाण्याच्या फवाऱ्यातून काढायचं यंत्र म्हणजे आणखी खर्च, हे तो बोलत राहिला. पण नाही म्हणाला नाही. मागच्या बायकांतून एकीनं विचारलं की पाळी उशिरा सुरू झाली तर सकाळी घरचं आवरून येता येईल का. तिथून चर्चा दुसऱ्याच वाटेनं गेली. बंद करायचा ठराव मागं पडला. त्याजागी टरफलं न जाळण्याचा, ती वाटण्यावर बंदीचा, बॉयलर ऊन आल्यावर पेटवण्याचा आणि पावसाआधी चिमणी वाढवून फवाऱ्याचं यंत्र बसवण्याचा ठराव लिहिला गेला. हौसाबाई नाराज झाली. सत्यवतीशी ती शिमगा होईपर्यंत बोलली नाही.

जे ठरलं ते सगळं झालं असं नाही. टरफलांचा ट्रक यायला लागला. पाळी बदलली. चिमणीवर नवा नळ चढला. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र मात्र पुढच्या हंगामावर गेलं. सुदेशला मितेशनं कामावरून काढलं नाही, पण बॉयलरवरून हलवून गोण्या चढवायला लावलं. हे बक्षीस की शिक्षा, ते घरात कुणालाच ठरवता आलं नाही. अंग दुखत घरी यायचा, पण त्याचे डोळे पांढरे दिसू लागले. सलोनी त्याला एकदा म्हणालीही की लग्नात होते तसे डोळे झाले.

गोण्या बंद झाल्यावर वाडीत कुरकुर झाली. पुन्हा सर्पणाला रानात जायचं आलं. काही घरांनी लपवून ठेवलेली टरफलं संपेपर्यंत जाळली. सत्यवतीनं न्हाणीतली चूल फोडली. गवंडी मिळेना म्हणून सुदेशनं आणि तिनं मिळूनच मागल्या दारी उघड्यावर नवी चूल घातली, वर सिमेंटचा नळ छपराच्या वर काढला. पहिला नळ वाकडा बसला आणि धूर उलटा आला. तो काढून पुन्हा बसवावा लागला. पेज आता गॅसवर होऊ लागली. सत्यवतीला तिची चव वेगळी लागे. ती तसं रोज म्हणायची आणि रोज संपवायची.

प्राजूला त्या उन्हाळ्यात एकदाच धाप लागली, तीही आंब्याला उशिरा आलेल्या मोहोराच्या दिवसांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्या नळ्या अजून वाढत्या आहेत, जपलं तर बरं होईल. सत्यवतीनं स्वतःचं विचारलं. बाईंनी लपवलं नाही. अरुंद झालेल्या नळ्या पूर्वीसारख्या होणार नाहीत. औषध घेतलं, धूर टाळला, तर आहे तेवढं टिकेल. सत्यवतीनं मान हलवली. तिनं विचारलं की मग सुदेशचं काय. त्यालाही एकदा फुंकायला पाठवा, बाई म्हणाल्या. तो यायला तयार नव्हता. सत्यवतीनं त्याला तीन आठवडे सतावलं आणि शेवटी आणलंच.

पाऊस जवळ आला तशी एका दुपारी सुदेश म्हणाला, आये, चिमणी बघूक चल. प्राजू हट्ट करून सोबत निघाली. सड्याची चढण फार नव्हती, पण सत्यवतीला दोनदा बसावं लागलं. पोर वर पळायची आणि परत खाली यायची.

"गो आजी, तू कित्याक थांबतंस?"

"श्वासाची वाट बघतंय," सत्यवती म्हणाली. "तो मागसून येता."

प्राजूनं वाटेवर मागं बघितलं, कोण येतंय ते. मग तीही आजीशेजारी दगडावर बसली आणि दोघी वाट बघू लागल्या.

वर पोचल्यावर उघडा वारा लागला. चिमणी आता माडाएवढी उंच झाली होती. तिच्या तोंडातून पातळसा, राखाडी धूर निघत होता, वर जात होता आणि खाडीच्या अंगानं वळत होता. खाली त्यांची वाडी स्वच्छ दिसत होती, कौलं, खळी, वाळत घातलेले कपडे. सुदेशच्या चेहऱ्यावर लहानपणी पतंग उडवताना असायचं तसं काहीतरी होतं.

"बघ," तो म्हणाला, "आता आपल्याकडे येणा नाय."

सत्यवती कपाळावर हात धरून धुराच्या मागं बघत राहिली. तो खाडीवरून पलीकडे गेला. पलीकडच्या काठावर माडांत दोन-तीन कौलं लाल दिसत होती.

"थंय कोणाचा घर आसा रे?" तिनं विचारलं.

सुदेशनं डोळे बारीक करून पाहिलं. त्याला ठाऊक नव्हतं.

"उद्या होडयेन पलीकडे जाऊया," सत्यवती म्हणाली. "तेंका इचारूक होया."